दुसऱ्या समीकरणातला ताळा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तीस वर्षं मुलुंडला घरी गणिताचे क्लास घेतेय, आणि लोक माझं नाव कशासाठी घेतात माहितीये? बाई कधी चुकत नाहीत म्हणून. ऐकलं की मला कसंतरीच होतं.

मी साधी बी.कॉम. आदल्या दिवशी उदाहरणं गुपचूप सोडवून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर अशी मांडायची, जशी काही आत्ताच सुचली. बावीस वर्षांपूर्वी एकदा तशी तयारी झाली नव्हती. का? घरी पाहुणे आले होते, बस्स. दहावीची बॅच, अकरा मुलं, एकसामयिक समीकरणं. क्ष अधिक दोन य बरोबर आठ. तीन क्ष वजा य बरोबर तीन. सोपं आहे हो! पहिल्यातून क्ष काढायचा, म्हणजे आठ वजा दोन य, आणि ती किंमत दुसऱ्यात ठेवायची. ठेवली. पण कंसाला तीनाने गुणताना आठाला गुणलं आणि दोन य तसेच राहिले. य आला सात, क्ष आला वजा सहा.

मग ऐटीत ताळा करून दाखवला — पहिल्या समीकरणात. वजा सहा अधिक चौदा, आठ. जमला! अहो, तो जमणारच ना. ज्या समीकरणातून क्ष काढला त्यातच परत ठेवला, तर य काहीही असो, ताळा जमतोच. ताळा दुसऱ्यात करायचा, हे मीच मुलांना शंभरदा बजावलेलं.

सुप्रिया पहिल्या रांगेत बसायची. भांडुपहून यायची, हुशार, जरा बडबडी. म्हणाली, "बाई, दुसऱ्यात ठेवून बघा ना. माझा क्ष दोन येतोय, य तीन."

मी मनातल्या मनात ठेवून बघितलं. वजा अठरा, वजा सात — वजा पंचवीस. हवे होते तीन. वाट लागली! मला त्याच क्षणी कळलं. हे नीट ऐका, कारण पुढचं सगळं मी समजून-उमजून केलंय.

"पुस्तकातली मागची उत्तरं बघून लिहितेस आणि वर मला शिकवतेस?" मी सगळ्यांसमोर बोलले. फळा पुसून टाकला. मुलं हसली. तिच्या वहीत एकूणएक पायरी होती, मला दिसत होती. तिने वही मिटून घेतली.

एवढ्यावर थांबले असते तर? — नाही थांबले.

त्याच शनिवारी तिची आई आली. मालवणकडची, साधी बाई. "हिचे पप्पा म्हणतत, दहावीनंतर डिप्लोमाक घालूया. झेपात काय हिका?" सुप्रिया शेजारीच उभी होती. इंजिनीअरिंगच्या डिप्लोमासाठी तिनेच घरात सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं, महिनाभर मलाही तेच ऐकवत होती. आणि मी म्हणाले, "नको. गणित तिचं कच्चं आहे. उत्तरं बघून लिहिते."

कशासाठी? तर मी चुकले हे ती बाहेर सांगेल, याची भीती. कच्च्या मुलीवर कोण विश्वास ठेवणार? एवढाच हिशोब, आणि तो मात्र मी अचूक केला. वाटलं होतं, ती तरी बोलेल — बाई, मी नव्हतं बघितलं. तिने आईच्या हातातली पिशवी घेतली आणि चपला घातल्या. तिला माझं खरं वाटलं असेल का तेव्हाच? मला वाटतं, हो. बाईंवर विश्वास होता ना तिचा.

सुप्रिया आर्ट्सला गेली. बारावीनंतर औषधांच्या पॅकिंगमध्ये लागली, अजून तिथेच आहे. या बावीस वर्षांत स्टेशनबाहेर दोनदा दिसली आणि दोन्ही वेळा मी भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करत पाठ फिरवून उभी राहिले.

गेल्या महिन्यात ती दारात. सोबत लेक, आठवीतली. वाकून माझ्या पाया पडली आणि पोरीला म्हणाली, "बाई सांगतील ते नीट ऐक गं. माझं गणित पहिल्यापासून कच्चं. बाईंनी वेळेवर सांगितलं म्हणून वाचले मी, नाहीतर डिप्लोमाला जाऊन नापासच झाले असते."

मी म्हटलं, "सोमवारपासून पाठव."