काकांच्या किरीटातला रोमन सम्राट

गोव्यात पेडण्यातल्या आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, जत्रेच्या नाटकात राजा कोणी व्हायचं, हे नाटक ठरण्याआधीच ठरलेलं असे. तो मान आमच्या घराचा. आधी आजोबा राजा, मग काका. नाटक संपलं की देवाचा नारळही राजाच्याच हातात. मी समतेच्या चळवळीची पत्रकं वाचत वाढलो होतो. जन्माने मिळालेला मान दिसला की माझं डोकं तापे, मग तो लाडक्या काकांचा का असेना.

म्हणून त्या वर्षी मी रोमच्या सम्राटावर नाटक लिहिलं. फ्लेव्हियन घराण्यातला पहिला सम्राट साध्या घरातला, पडत्या काळात खेचरांचा धंदा केलेला. आधीच्या एका सम्राटाने स्वतःसाठी केलेलं तळं बुजवून त्याने तिथे लोकांसाठी कलोसियम बांधायला घेतलं. ही भूमिका मी सावंतवाडीहून आलेल्या, खाणीवर ट्रक चालवणाऱ्या गड्याला देऊन टाकली.

"खेचरां हाकपी राजा, ट्रक हाकपी नट," काका म्हणाले. "बरें जुळयलें. आनी हांव खंय?"

त्यांना भूमिका देण्याऐवजी मी घराणेशाहीवर बोलू लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या राजाच्या घराण्याचें फुडें कितें जालें?"

"दोन्ही मुलगे सम्राट झाले. धाकटा जुलमी निघाला. त्याचा खून झाल्यावर त्याचं नाव दगडांवरून खरवडून काढलं."

"म्हणजे तुज्या राजानय गादी पोरांकच दिली."

मी वहीत डोकं घातलं. काका उठून गेले, तालमीकडे फिरकेनात. ते नाहीत तर वाड्यावरचे लोक नाटक होऊ देतील का, हीच धास्ती.

एका संध्याकाळी ते येऊन मागे बसले. सम्राटाने उभ्यानेच मरावं म्हणून मरताना तो हट्टाने उभा राहतो, तो प्रवेश चालू होता. आमचा सम्राट ताडकन उठला.

"मरता तो. गाडी सुरू करिना," काका म्हणाले आणि त्याच्या काखेत हात घालून त्यांनी त्याला हळूहळू उभं केलं. तो हात नाटकात तसाच राहिला. काका सम्राटाचे सेवक झाले.

जत्रेला मी रोमन पद्धतीचा, पण आंब्याच्या पानांचा मुकुट करून नेला. "पानां? राजाक?" म्हणत काकांनी आपला पिढीजात किरीट ट्रकवाल्याच्या डोक्यावर बसवला. रोमचा सम्राट मोरपिसं डोलवत मेला.

पुजाऱ्याने सवयीने नारळ काकांपुढे धरला. त्यांनी तो सम्राटाच्या हातात दिला.

"काकानू, ह्यो मान तुमचो."

"धर. पूण घराणें सुरू करूं नाका."

"एकच चेडू आसा, काकानू. ता नाटकात झोपता."

खरंच त्याची मुलगी पुढच्या चटईवर आईच्या मांडीत गाढ झोपली होती.