ढवळ्या, थांब!
डिझेलचा वास आला की मला आमच्या गावचा, गोरेगावचा जीपथांबा आठवतो. मी कॉलेजसाठी पहिल्यांदाच हिंगोलीला निघाले होते. जीप हलली तसे माझा विसरलेला डबा घेऊन आबा, म्हणजे माझे आजोबा, मागे धावले. माझं नाव त्यांच्या तोंडात येईना. आधी आत्याचं, मग आईचं नाव घेतलं आणि शेवटी आमच्या मेलेल्या बैलाचं, “ढवळ्या, थांब!” जीपमधले हसले. “म्हातारबा, पोरीला बैल काहून करून राहिले?” आबांचा चेहरा उतरला. मी पटकन ओरडले, “व्हय आबा, थांबले!” परवा कॉलेजात मानसशास्त्राच्या मॅडमनी शिकवलं की म्हातारपणी ओठांवर आलेलं चुकीचं नाव मागे सारणं मेंदूला जड जातं. असेलही. पण ढवळ्या गेला त्या दिवशी आबा जेवले नव्हते, हे मॅडमना सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.