ऑर्फाची तीन पेअर

ऑर्फा यॉस्टला कुणी चित्रकार म्हटलेलं खपत नाही. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावच्या शाळेत तिने जन्मभर मुलांना जेवण वाढलं आणि उरल्या वेळात फळांची चित्रं काढली. फक्त फळांची. डोंगर काढ, चर्च काढ, असं मी सुचवलं की म्हणायची, फळं बरी, मध्येच बोलत नाहीत. टोमणा मला होता. समोर दिसेल तेच काढायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा तिचा हट्ट. सफरचंदाला गांधीलमाशीने भोक पाडलेलं असलं तर चित्रातही भोक.

तिच्या नवऱ्याने, एल्वुडने, घरामागे पेअरचं झाड लावलं होतं. एल्वुड गेला. यंदा उन्हाळा सरता सरता वादळात झाडही गेलं. पडलेल्या फळांतली तीनच धड निघाली. एवढी चित्रात उतरली की झाड राहिलं म्हणायचं, असं ती मला म्हणाली. हे मला पटलं. पण हल्ली तिला स्वयंपाकघरात रंग नीट दिसेनात, म्हणून बाईसाहेब फळांचा वाडगा घेऊन बसल्या कुठे, तर पुढच्या व्हरांड्यात!

आमच्याकडे शरदात ज्याच्याकडे जास्तीची फळं असतील तो ती पुढच्या व्हरांड्यात ठेवतो, आणि जाणारा-येणारा उचलून नेतो. विचारत बसणं उलट परकेपणाचं. ऑर्फानेही आयुष्यभर तेच केलंय. पहिलं पेअर काढून झालं, ती जेवायला आत गेली आणि बाहेर आली तो वाडगा रिकामा.

संध्याकाळी शेजारची लुएला कोमट बरणी घेऊन आली.

"कसला जॅम?" ऑर्फाने विचारलं.

"तुझ्याच पेअरचा. माझीही त्यात घातली. एकाला डाग होता गं, तेवढा कापून टाकला."

तो डाग रंगवण्यात ऑर्फाचा आठवडा गेला होता.

चिडायचं कुणावर? तिने जॅम पावाला लावून खाल्ला. आपली पेअर चवीवरून ओळखू येतात का, ते बघत होती. नाही आली. मी सरळ सांगितलं, बाजारातून दोन आण आणि संपव. तो खोटेपणा होईल म्हणून फणकारली आणि आठवड्याने स्वतःच घेऊन आली. वर मलाच विचारते, समोर आहे तेच काढतेय ना मी, मग खोटं कसं? कॉलेजात तत्त्वज्ञान शिकलेली मी, पण शेवटी वाडगा पुसून तिच्यापुढे ठेवला.

तिचा हात संथ. तोवर विकतच्या पेअरनाही डाग पडले. दिसले म्हणून तिने तेही काढले. आता चित्रात तीन डागाळलेली पेअर आहेत आणि पहिलं कुठलं, ते तिलाच आठवत नाही. रोज चित्र काखेत मारून माझ्याकडे येते.

"यातलं एल्वुडच्या झाडाचं कुठलं गं? खरं सांग."

आज मी चष्मा पुसून नीट पाहिलं आणि मधल्यावर बोट ठेवलं.

"काल तू डावीकडचं म्हणालीस."

म्हणाले होते खरं. आणि कालही मला इतकीच खात्री होती.