बाबांच्या तोंडाचा वास

मी कर्जतला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रक्त, लघवी, रिपोर्ट... बावीस वर्षं हेच. अंगात येणं, नजर लागणं सांगणाऱ्या पेशंटना मी तोंडावर हसलेली आहे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघड होतंय. पण घडलं ते माझ्या वडिलांच्या बाबतीत, आणि रिपोर्ट मी स्वतः काढलेत.

बाबा खोपोलीत एका कागद कारखान्यात सुपरवायझर होते. माझं लहानपण तिथल्या कामगार कॉलनीत गेलं. स्वातंत्र्याच्या आधी बांधलेल्या, काळ्या दगडाच्या कौलारू खोल्यांच्या सहा ओळी आणि मध्ये मैदान. कारखाना केव्हाच बंद पडला. दोन वर्षांपूर्वी कॉलनी पाडायचं ठरलं, म्हणून जुन्या रहिवाशांनी एका रविवारी सकाळी मैदानात मेळावा ठेवला. अध्यक्ष बाबा — वय एकाहत्तर, कडक शिस्तीचे, उभ्या आयुष्यात दारूला न शिवलेले.

त्यांचं भाषण चालू असताना हिराबाई पुढे आल्या. पूर्वी चौथ्या ओळीत राहायच्या. त्यांचा नवरा लाडकू मशीनमध्ये अडकून गेला, तेव्हा मी कॉलेजात होते. तो पिऊन कामावर आला होता, असं सगळ्यांनी धरलं. डोंगराखालच्या आदिवासी वाडीतला माणूस... कोणी उलटून विचारलंसुद्धा नाही. आठवड्याभरात खोली काढून घेतली आणि हिराबाई लेकीला घेऊन वाडीवर परत गेल्या.

"सायब, एकच इचारायचं हाय," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "त्या दिवशी माज्या मानसाच्या तोंडाचा वास घेतला व्हता का तुमी?"

बाबा माईकवरच म्हणाले, "जुन्या गोष्टी आता कशाला, बाई? आज आनंदाचा दिवस आहे."

"बरं," म्हणून त्या निघून गेल्या.

दुपारी पंगतीत मी बाबांच्या शेजारी बसले आणि मला वास आला. हातभट्टीचा, आंबूस, उग्र. वाटलं, मागून कोणी गेलं असेल. पण बाबांनी वरण मागितलं, तसा वाढणारा दचकून मागेच सरकला.

तो वास गेला नाही. दाताचा डॉक्टर झाला, पोटाचा झाला, शुगर, लिव्हर... सगळं नॉर्मल. मी तीन वेळा रक्त काढलं. अल्कोहोल शून्य. दुसऱ्या लॅबला पाठवलं, तिथेही शून्य. बाबांना स्वतःला मात्र काहीच जाणवायचं नाही. ते तोंडासमोर तळहात धरून हुंगायचे आणि माझ्याकडे बघायचे.

देवळाच्या कमिटीवर ते अकरा वर्षं होते. पुजाऱ्यांनी हात जोडून सांगितलं, "काका, थोडे दिवस येऊ नका." एकदा चौक गावाच्या रस्त्यावर हवालदाराने स्कूटर अडवली. मशीनमध्ये फुंकायला लावलं, शून्य आलं. त्याने मशीन बडवून पाहिलं, नाक दाबलं आणि म्हणाला, "आजोबा, मशीन फसवता येतं हो, नाक नाही." भर दुपारी, ओळखीच्या लोकांसमोर त्याने बाबांना स्कूटर ढकलत न्यायला लावली.

त्या दिवशी घरी येऊन ते जेवले नाहीत. मला समोर बसवलं.

"लाडकू प्यायला नव्हता."

मी हातातलं ताट खाली ठेवलं.

"रोलरवरची सुरक्षेची जाळी मी काढायला लावली होती. सारखी अडायची, काम थांबायचं. तो नको म्हणत होता. अपघाताच्या रिपोर्टमध्ये मी लिहिलं, पिऊन आला होता. वाडीतला माणूस... लोकांना लगेच पटलं."

खरं सांगते, मला त्यांची दया आली नाही. हिराबाईंची लेक माझ्या धाकट्या बहिणीच्या वर्गात होती. खोली गेली तशी तिची शाळाही सुटली होती.

दुसऱ्या दिवशी मीच बाबांना वाडीवर घेऊन गेले. हिराबाई अंगणात करवंदं निवडत होत्या. वाडीतली दहा-बारा माणसं जमली, त्यांच्यासमोर बाबांनी सगळं सांगितलं आणि तसंच लिहून सही केलेला कागद हिराबाईंच्या हातात दिला. मग पाया पडायला वाकले, तर त्या मागे झाल्या.

"बोललात, बरं झालं. पन माफी नाय. ती मी द्यायची नाय."

"मग हा वास तरी..." बाबा म्हणाले.

"मी काय केलं नाय, सायब. मला असलं काय येत नाय. येत असतं, तर एवडी वरसं थांबले असते का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघत होते. बाई खोटं बोलत नव्हती.

आम्हाला वाटलं होतं, आता तरी जाईल. नाही गेला. उलट वाढला. पुढचे चौदा महिने बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, तोंडाला रुमाल बांधून बसायचे. बोलणं जवळजवळ बंद केलं होतं.

ते गेले त्या सकाळी शेजारपाजारचे आले. खांदा देणाऱ्यांनी नाकाला रुमाल लावले होते. एका बाईंनी माझा हात धरून हळूच विचारलं, "खूप प्यायचे का गं?"

"नाही हो, कधीच नाही," मी म्हटलं. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. त्या हातात कीव होती, विश्वास नव्हता. त्या दिवशी मी पंधरा-वीस जणांना तेच सांगितलं. रिपोर्टसुद्धा दाखवले. एकालाही पटलं नाही.

कारण मला आजही सापडलेलं नाही. माझ्या सायन्सकडे नाही, आणि देवाधर्माचं बघणाऱ्यांकडे तर नाहीच नाही.

तेराव्यानंतर मी वाडीवर जाऊन हिराबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं.

"तुज्यावर कुनी इश्वास ठेवला का गं?"

"नाही."

त्यांनी मान हलवली, आणि मला बसायला पाट दिला.