दगडमास्तरांची लाल माती

दगडमास्तर दगड चाटायचे. गुपचूप नव्हे, चारचौघांत, तेही सावकाश, डोळे मिटून. जिभेला चिकटला तर त्यात माती आहे, नाही चिकटला तर नाही, एवढीच त्यामागची विद्या. पण नंदुरबारच्या बाजारपेठेला ती पटणं शक्य नव्हतं. आमचं डाळीचं दुकान स्टेशनच्या वाटेवर. मास्तर हातातला खडा चाखत समोरून गेले, की शिकून शिकून माणूस कुठवर पोचतो ते बघून घे, असं वडील मला सांगायचे. मास्तर मूळचे जवळच्याच कोरीट गावचे. पुण्याला जाऊन शास्त्र शिकले आणि तरीही परत आले, याचंच लोकांना जास्त नवल होतं.

आमच्या हायस्कुलात शास्त्र हा विषय हुशारांसाठी राखून ठेवलेला होता. उरलेले म्हणजे आम्ही, दुकानदारांची मुलं, ज्यांची गादीवरची जागा जन्माआधीच ठरलेली होती. ही मुलं अगदीच कोरी बाहेर पडायला नकोत, असं हेडमास्तरांना एकदा वाटून गेलं आणि आठवड्याला दोन तास 'भूस्तरविद्येची ओळख' सुरू झाली. मास्तरांना तेवढ्यासाठीच नेमलं होतं, एका वर्षाच्या बोलीवर. वर्षअखेर इन्स्पेक्टरसाहेब येऊन पाहणार आणि वर्ग ठेवायचा की मास्तरांना घरी पाठवायचं ते सांगणार. घरी म्हातारी आई होती. तिच्यासाठीच ते पुणं सोडून आले होते.

अडचण एवढीच, की आमच्या मुलखात दगड एकच. काळा. इतर प्रांतांत म्हणे संगमरवर असतो, चुनखडी असते. आमच्याकडे देवानेही काटकसर केलेली. मास्तर काळ्या दगडाचे सोळा तुकडे टेबलावर मांडत आणि त्यांतले फरक सांगत. हा सरळ फुटतो, याला भोकं आहेत, याच्या भोकांत पांढरे स्फटिक भरलेत. प्रत्येकावर गोंदाने चिकटवलेली चिठ्ठी, तीवर बारीक अक्षरात गाव आणि शिवार. आम्ही माना डोलवत असू. "घाई करू नका," हे त्यांचं पालुपद. "पृथ्वीला घाई नव्हती, तुम्हाला कुठे जायचंय?" आम्हाला घंटा झाली की दुकानात जायचं होतं, पण ते उत्तर चालत नसे.

सतरावा तुकडा लाल होता. तोरणमाळची चढण पायी चढून, उपरण्यात बांधून त्यांनी तो आणला होता. आधी आग वाहत आली, थंड होऊन तिचा दगड झाला. मग फार मोठा काळ काहीच झालं नाही. त्या काळात दगडावर माती धरली. मग दुसरी आग आली आणि तिने ती माती भाजून लाल केली. हे सांगताना मास्तरांचा आवाज खाली यायचा. "आग सगळ्यांना दिसते," ते म्हणत. "ही मधली उसंत आहे. ही कोण बघतं?" त्या तासाला मी घंटा विसरलो होतो. तेव्हा हे कबूल केलं असतं तर वर्गात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

इन्स्पेक्टरसाहेब यायच्या दिवशी सकाळी मी आणि कापडवाल्यांचा मोहन शिपायाकडून किल्ली घेऊन वर्गात शिरलो. मास्तरांची नोकरी वाचवायची, असा आमचा थोर बेत होता. दगड पाहिले तर धुळीने माखलेले, चिठ्ठ्या पिवळ्या पडलेल्या. असा माल गिऱ्हाइकापुढे कोण ठेवतो? तूरडाळसुद्धा आम्ही तेलाचा हात लावल्याशिवाय विकत नव्हतो. घरून बाटली आणलीच होती. सगळे दगड घासून धुतले आणि एकेकाला तेल चोळलं. सोळाही असे चमकायला लागले, की कुठला कुठला ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. चिठ्ठ्या पाण्याबरोबर गेल्या. लाल तुकडा सगळ्यांत कळकट, म्हणून तो बादलीत भिजत घातला होता. तेल लावायला काढू गेलो, तर हाताला नुसता चिखल लागला.

मास्तर साहेबांना घेऊनच आत आले. टेबलाकडे पाहून थबकले. एक दगड उचलला, सवयीने जिभेला लावला. "शेंगदाणा," ते म्हणाले. "घाण्यावरचं." मग त्यांची नजर बादलीकडे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. साहेबांनी विचारलं, हा काय प्रकार आहे? वर्गात शुद्ध बोलणारे मास्तर त्या दिवशी कोरीटच्या बोलीत बोलले.

"हाई मन्हा पोरेसनं काम शे, साहेब. वरीसभर त्यासनी दगडले हात लाया नही. आज लाया."

या विद्येचा ह्या मुलांना उपयोग काय, असं साहेबांनी विचारलं. "उपयोगाचं यांना घरी शिकवतात," मास्तर म्हणाले. "ते चांगलं येतं, आपण पाहताच आहात." साहेब हसले, वहीत दोन ओळी लिहिल्या, आणि पुढच्या महिन्यात त्या तासाला व्यापारी पत्रव्यवहार सुरू झाला.

मास्तरांना सुरतेपलीकडे अंकगणित शिकवायची नोकरी मिळाली. आईलाही बरोबर नेलं. स्टेशनवर आम्ही दोघं खाली मान घालून उभे. रागावले असते तर बरं वाटलं असतं. "तो लाल तुकडा परत आणून कपाटात ठेवा," एवढंच म्हणाले. "सवडीने. फक्त धुऊ नका." मी होकार दिला आणि त्यांचं 'घाई करू नका' इतकं मनापासून पाळलं, की बारा वर्षं गेलो नाही. मग सुरतेच्या एका अडत्याने, सौद्याच्या मध्येच, मास्तर वारल्याचं सांगितलं. मी सौदा तसाच टाकला आणि दुसऱ्या दिवशी तळोद्यावरून तोरणमाळला निघालो.

शाळेच्या त्या कपाटात आता हजेरीपट असतात. म्हणून तुकडा माझ्या गल्ल्याशेजारी असतो. गिऱ्हाइकं गेरू समजून भाव विचारतात. विकायचा नाही म्हटलं, की दुकानदाराचं डोकं फिरलं असं त्यांना वाटतं. परवा एकाने हटकून विचारलं, मग ठेवलाय कशाला? माझा मुलगा शेजारी बसला होता. मी तुकडा उचलला, डोळे मिटले आणि सगळ्यांदेखत जिभेला लावला. चिकटला.