कडूअण्णा

कोणाला बरं वाटेल असं आमचे सासरे चुकूनही बोलत नसत. शनिवार पेठेत विषवैद्य म्हणून त्यांचा दबदबा होता. साप चावलेला माणूस आला की आधी त्याच्या तोंडात कडुनिंबाचा पाला कोंबायचे आणि विचारायचे, "कसा लागतो?" कडू लागला तर विष भिनलेलं नाही, चव लागली नाही किंवा गोड लागला तर भिनलं, अशी जुनी परीक्षा. म्हणून पेठेने त्यांचं नाव कडूअण्णा ठेवलं होतं. स्वभावालाही ते शोभत होतं.

औषध म्हणजे सापसंदाची मुळी. सहाणेवर उगाळून पाजायची, दंशावर लावायची. वाचलेली माणसं पेढे घेऊन पाया पडायला येत. अण्णा पेढे ठेवून घेत, श्रेय परत करत. म्हणत, "अहो, साप दरवेळी विष सोडतोच असं नाही. तुमच्या सापाने सोडलं नसेल. मुळीने विष अडवलं, हे मला अजून दिसायचंय." हा माणूस स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, असं मला वाटे. मी पडलो श्रीमंतांच्या सरकारी फडातला, म्हणजे दफ्तरातला, कारकून. न केलेल्या कामाचं श्रेय घेणं हीच आमची चाकरी.

एका पाडव्याला मी सासुरवाडीला जेवायला गेलो होतो. सूर्य मावळताना गुढी उतरवायचं काम जावयाकडे आलं. गुढीची साखरेची गाठी पोराबाळांसाठी असते. ती मी आडोशाला जाऊन मुकाट्याने तोंडात कोंबली आणि काठी ठेवायला लाकडांच्या ढिगामागे गेलो. तिथे हाताला काहीतरी डसलं. सळसळत जाणारं शेपूट दिसलं आणि मी जी बोंब ठोकली, ती म्हणे नदीपार ऐकू गेली.

अण्णांनी पाला दिला. मी चावला, तर गोड! संपलंच की सगळं. मी मोठ्या मनाने बायकोचे सगळे अपराध माफ केले. माझे माफ करून घ्यायचं सुचलं नाही. ती बिचारी रडायला लागली. अण्णांनी माझा जबडा उघडून आत पाहिलं, दाताला चिकटलेला साखरेचा खडा नखाने काढला आणि म्हणाले, "जावईबापू, विष नाही, गाठी भिनलीय. चूळ भरा." चूळ भरून पुन्हा पाला चावला, तो इतका कडू लागला की डोळ्यांत पाणी आलं. साप म्हणजे साधी बिनविषारी दिवड होती. पुढे कितीतरी दिवस पेठेतली टवाळ मंडळी मला अडवून विचारत, काय हो, आज गोड का कडू?

त्याच वर्षी भाद्रपदात अण्णा पर्वतीमागच्या टेकडीवर मुळ्या खणायला गेले आणि त्यांना नाग डसला. बैलगाडीत घालून घरी आणलं, निरोप येताच आम्ही दोघं धावलो. माझी बायको पाला घेऊन बापासमोर उभी राहिली. अण्णांनी पाला चावला, तोंड वेडंवाकडं केलं. "कडू आहे गं. जा, भाताचं बघ." जन्मात कोणाचं मन न राखलेला माणूस. तिने विश्वास ठेवला आणि ती आत गेली. मीही ठेवला. मी तर हसलोसुद्धा.

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "मला काहीच चव लागत नाहीये. मुळी उगाळा, आणि मला काय काय होतं ते नीट बघा. आज विष खरं आहे. मुळी ते अडवते का, हे आज कळेल."

दिवडीला घाबरून गाव गोळा करणारा मी, त्या दिवशी सहाणेवर मुळी उगाळत बसलो. पाजली, पुन्हा उगाळली. पापण्या मिटताहेत, म्हणाले. मग जीभ जड झाली. मुळी अडवतेय का, असं मी नजरेनेच विचारलं, तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. दिवेलागणीच्या आत ते गेले.

लोक अजून माझ्याकडे मुळी मागायला येतात. मी सांगतो, मी बघितलंय, ही विष अडवत नाही. अडवणारं काहीतरी या जगात असेलही, पण ते अजून कोणाला सापडलेलं नाही. लोक तोंड वाकडं करून जातात. आता पेठेत कडू मी आहे.

दर पाडव्याला बायको माझ्या हातावर कडुनिंब ठेवते. विचारते, कसा लागतो? मी म्हणतो, कडू.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहते. म्हणते, "खरं सांगा."