शिकलगार सरांचा तो शब्द

शिकलगार सर वर्गात आले की आधी चौघांना उठवत. एक दारापाशी, तो रिसेप्टर, म्हणजे पेशीचा दारवाला. तिघं फळ्यापाशी हाताला हात धरून, एकाच जी-प्रथिनाचे तीन भाग: अल्फा, बीटा, गॅमा. ऐंशीनंतरची गोष्ट. कोल्हापुरात एम.एस्सी.च्या आमच्या पुस्तकात बाहेरचा निरोप पेशीत पोचवणाऱ्या या जी-प्रथिनांचं नावही नव्हतं.

अल्फा बहुतेक मीच असे. सर ओरडत, "पावणं, म्हंजे हार्मोन, पेशीच्या भाईरच थांबत्यात. दारवाला नुसता हलतो. मग अल्फानं हातातला जुना जीडीपीचा रेणू टाकायचा, नवा जीटीपीचा घ्यायचा, ह्या दोघांस्नी सोडून आत निरोप सांगायचा. सांगून झालं की जीटीपी मोडायचा आन् गप जाग्यावर! कॉलऱ्याचं विष काय करतं? अल्फाला जीटीपी मोडूच देत न्हाय. त्यो आपला वराडतोय की वराडतोय, आन् आतडं पाणी सोडतंय. हगवण म्हंत्यात ती हीच की!"

वर्ग खो-खो हसायचा, पण विषय डोक्यात पक्का बसायचा.

आमचे विभागप्रमुख वर्षानुवर्षं एकच पिवळी पडलेली वही वाचून दाखवत. पान उलटताना बोटाला थुंकी लावत. मला किळस यायची. सरांच्या तासाला दुसऱ्या वर्गांतली मुलंही येऊन बसू लागली, तसं प्रमुखांच्या पोटात दुखू लागलं. त्यांनी आम्हाला खोलीत बोलावलं.

"वर्गात हगवण? मुली बसतात तिथं! शिकलगार अश्लील बोलतात म्हणून अर्ज द्या."

प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्या हातात होते. सगळ्यांनी मुकाट सह्या केल्या, मुलींनीही. अर्ज मी लिहिला, कारण माझं अक्षर चांगलं. 'हगवण' लिहायचीही लाज वाटली. 'तो शब्द' असं लिहिलं. प्रमुखांनी चहा पाजला आणि मी तो प्यायलो.

त्या अर्जावरून सरांना कॉलेजच्याच संस्थेच्या चंदगडच्या शाळेत धाडलं, आठवीला विज्ञान शिकवायला. जायच्या दिवशी मी एस.टी. स्टँडवर गेलो.

"सर, तो अर्ज..."

"वाचला की. तुझं अक्षर लांबनं वळखतो मी. कुठं काना-मात्रा चुकला न्हाय बघ." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जा, तास बुडवू नगंस."

सरांनी मला एक शिवी तरी हासडायची होती! गाडी गेल्यावर मी तिथंच थुंकलो, पण तोंडाची चव काही जाईना.

त्या वर्षी प्रॅक्टिकलला माझा पहिला नंबर आला. आईनं गल्लीभर पेढे वाटले. मी एकालाही हात लावला नाही.